लिलावात गाडीचे पैसे आलेच नाहीत, तरी विक्री शुल्क लागलं? माझा अनुभव

ऑनलाइन लिलावाच्या साइटवर गाडी विकायला काढली होती. सर्वात मोठी बोली लावणारा गायब, पण माझ्या खात्यावर विक्री शुल्क (विक्री झाली की साइट घेते ते) उभं. साइटच्या चॅटवर विचारलं, तयार उत्तरं मिळाली. गाडी पुन्हा लिस्ट केली, तर लिस्टिंग शुल्क नव्याने बसलं. डोकं फिरलं.

जमलं ते असं: आधी इनव्हॉइस उघडून ओळी वेगळ्या केल्या. लिस्टिंग, राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही ती), ठळक जाहिरात, विक्री. सौदा फिसकटल्यावर परत मिळण्यासारखी शेवटचीच. बाकीची सहसा गेली समजा. मग त्याच व्यवहारात जाऊन ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ हेच कारण निवडून सौदा रद्द केला, तोही मुदतीच्या आत (ही तारीख नियमांत बारीक अक्षरात असते). खरेदीदाराला पाठवलेले मेसेज साइटच्याच इनबॉक्समध्ये होते, ते कामी आले. पुढच्या इनव्हॉइसमध्ये विक्री शुल्क वजा होऊन आलं.