फोनमधला व्हॉइस असिस्टंट तुमचं ऐकतच नाहीये? आधी हे बघा

सगळ्यात आधी फोनच्या रेकॉर्डरवर दहा सेकंद बोलून परत ऐका, आवाज नीट आला तर माइक चांगलाय, गडबड सेटिंगमध्ये आहे. मग असिस्टंटच्या ॲपची मायक्रोफोन परमिशन बघा. रेकॉर्डरमध्येही आवाज अजिबात आला नसेल तर हे बघा, अँड्रॉइड 12 पासून वरून खाली ओढल्यावर जी बटणं येतात त्यात माइक ॲक्सेसचं पण असतं, ते चुकून बंद झालं की सगळ्याच ॲपचा माइक जातो, खूप जणांच्या हे लक्षातच येत नाही. ब्लूटूथ पण बंद करून बघा, इअरबड जोडलेले असले की कधीकधी फोन त्यांचाच माइक धरतो. रेकॉर्डिंगच दबकं येतंय? कव्हर काढा, खालचं बारीक भोक मऊ कोरड्या ब्रशने साफ करा, पिन अजिबात घालू नका प्लीज, माइक कायमचा जाऊ शकतो.