ओरबर्गच्या खाणीतून मिळवलेला पहिला बिल्ला

'पोकेमॉन डायमंड' (२००६) या व्हिडिओ गेममधलं ओरबर्ग हे कोळशाच्या खाणीवर जगणारं गाव. गेममधला सिन्नो प्रदेश जपानच्या होक्काइदो बेटावर बेतलेला आहे, आणि तिथे एकेकाळी कोळशाच्या खाणींवर गावंच्या गावं उभी होती. त्यामुळे हे गाव मला फार खरं वाटतं.

बिल्ला मिळवायचा तर गावच्या जिमच्या, म्हणजे लढतीच्या आखाड्याच्या, प्रमुखाला हरवावं लागतं. पहिली अडचण अशी की जिममध्ये प्रमुख रोर्क भेटेच ना. मी गावभर फिरलो, म्युझियमही पाहिलं. तो खाणीचाही मुकादम आहे हे उशिरा लक्षात आलं. दक्षिणेच्या खाणीत तळापर्यंत उतरलो, त्याच्याशी बोललो, तेव्हा तो जिममध्ये परतला.

खरी पंचाईत पुढे झाली. सुरुवातीला निवडलेला माझा पोकेमॉन चिमचार अग्नी प्रकारचा, आणि रोर्कचे तिघेही दगडी, ज्यांच्यावर अग्नीचा मारा कमी चालतो: जिओड्यूड (लेव्हल १२), ऑनिक्स (१२), क्रॅनिडॉस (१४). सलग तीनदा हरलो. लेव्हल वाढवत बसण्यापेक्षा जोडीदार बदलायचं ठरवलं. गावाजवळच्या रूट २०७ या वाटेवरच्या गवतात मॅचॉप हा लढाऊ प्रकारचा पोकेमॉन पकडला. त्याची 'लो किक' समोरचा जितका जड तितकी जोरात बसते, आणि ऑनिक्सचं वजन २१० किलो! एका लाथेत आडवा. जिओड्यूडसाठी रूट २०४ वरचा गवती प्रकारचा बड्यू आणला. गवती हल्ला त्याला चौपट लागतो.

क्रॅनिडॉसने मात्र मॅचॉपला जवळजवळ संपवलं होतं. ताकद भरून काढणारं एक पोशन वापरलं, पुन्हा लाथ, आणि कोल बॅज हा पहिला बिल्ला हातात. चिमचार ज्यांनी निवडलाय त्यांनी त्याला १४ व्या लेव्हलपर्यंत नेलं तरी चालेल. त्याचं पुढचं रूप मॉनफर्नो होताच त्याला 'माक पंच' हा दगडींवर चालणारा लढाऊ हल्ला मिळतो. पण मॅचॉपचा रस्ता मला जास्त आवडला, कारण त्या खाणीत कामगारांच्या बरोबरीने मॅचॉपच राबताना दिसतात.