चाकांच्या ट्रिमरची दोरी बदलताना

ट्रिमर म्हणजे फिरत्या नायलॉन दोरीने गवत कापणारं यंत्र. हातात धरायच्या ट्रिमरची 2.4 मिलिमीटरची दोरी उरली होती, म्हणून मी तीच चाकांवर ढकलायच्या ट्रिमरला लावली. पाच मिनिटांत तुकडे तुकडे! या यंत्रांना जाड दोरी लागते, बहुतेकदा 3.9 मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत बघा. त्याहून जाड लावली तर इंजिन धापा टाकतं.

आकाराचं म्हणाल तर चौकोनी दोरी जाड देठ पटकन कापते, पण भिंतीकडेला मी गोलच वापरतो. ती जास्त टिकते.

आधी इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. इथे आळस नको. दोरी बसते त्या यंत्राच्या फिरत्या डोक्याला गुंडाळलेलं गवत सुरीने खरवडून काढा. बऱ्याच यंत्रांत दोरीचा कापलेला तुकडा मधोमध दुमडून खुंटीत अडकवायचा असतो. दोन्ही टोकं समान हवीत, नाहीतर सगळं यंत्र थरथरतं आणि हाताला मुंग्या येतात.

जुनी दोरी वाळून कडकडीत झाली असेल, वाकवताच मोडत असेल, तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. नायलॉन पाणी पितं, पुन्हा लवचीक होतं. माझं बंडल आता बादलीतच असतं.