मागच्या ॲक्सलचे रबरी बूट: तपासणी आणि बदल

ज्या जुन्या मोटारींमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असते, त्यांच्या प्रत्येक ॲक्सल शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना अनेकदा सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्ट कोनात असतानाही एकसारख्या वेगाने फिरणारे सांधे, असतात. त्या जॉइंटवरचा घड्यांचा रबरी बूट आतले ग्रीस धरून ठेवतो आणि धूळ-पाणी बाहेर अडवतो. पोलादी जॉइंट ग्रीसमध्ये राहिला तर वर्षानुवर्षे टिकतो; रबर मात्र गाडी नुसती उभी असली तरी कडक होत जाते. त्यामुळे बुटाच्या बाबतीत गाडी किती धावली यापेक्षा रबर किती जुने आहे, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तपासणीसाठी गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि मागचा भाग उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या आधाराने गाडीखाली कधीही जाऊ नये. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून चाक हळूहळू फिरवावे आणि बुटाची प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहावी, कारण पहिली भेग घडीच्या तळाशी पडते आणि वरून दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा वरच्या पत्र्यावर ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले असतील, तर बूट फाटला आहे किंवा क्लॅम्प (बूट आवळून धरणारा पट्टा) सैल झाला आहे असे समजावे.

बूट बदलायचा तर शाफ्ट काढावाच लागतो. उभा चिरलेला, बाहेरून जोडायचा बूटही मिळतो, पण त्यात जॉइंट धुता येत नाही आणि शिरलेली रेती आतच राहते, म्हणून मी तो सुचवणार नाही. शाफ्ट जिथे जोडला जातो त्या फ्लँजच्या (चकतीच्या) बोल्टांची डोकी बहुधा आतून खाचेची असतात. खाचेतला चिखल टोच्याने पूर्ण काढून, योग्य मापाचे बिट हातोडीने हलके ठोकून तळापर्यंत बसवल्याशिवाय जोर लावू नये. या एका घाईने बोल्टाचे डोके गोल होते आणि तासाभराचे काम दिवसभर चालते. शाफ्ट काढण्यापूर्वी त्याची बाजू आणि दिशा यांची खूण करावी, म्हणजे झिजलेले भाग पुन्हा मूळ जागीच बसतील.

सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढल्यावर जॉइंटच्या आतल्या कड्याला आधार देऊन शाफ्ट बाहेर दाबावा. बाहेरच्या कड्यावर किंवा गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्यावर ठोकू नये. जॉइंट केरोसीनमध्ये धुऊन पूर्ण कोरडा करावा. गोळ्यांच्या खाचा चकचकीत दिसणे स्वाभाविक आहे, पण तेथे खड्डे असतील किंवा नख अडकत असेल, तर नवा बूट चढवून उपयोग नाही, जॉइंटच बदलावा. तो सुटा करायचा असल्यास आधी आतले कडे, पिंजरा आणि बाहेरचे कडे यांवर जुळत्या खुणा कराव्यात, कारण चुकीच्या जुळणीने जॉइंट अडकतो.

जोडणी करताना क्लॅम्प आणि बूट शाफ्टवर आधी सरकवावेत. हा क्रम चुकला तर जॉइंट पुन्हा काढावा लागतो. शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळली तर रबर कापले जात नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले सीव्ही जॉइंटचे ग्रीस गोळ्यांमध्ये दोन्ही बाजूंनी दाबून भरावे आणि उरलेले बुटात घालावे. शाफ्ट सरळ असताना बुटाची कड बोथट साधनाने क्षणभर उचलून कोंडलेली हवा सोडावी, बुटाला पीळ नाही याची खात्री करावी आणि मगच क्लॅम्प आवळावा.

फ्लँजचे जुळणारे पृष्ठभाग आणि बोल्टांचे आटे यांवर ग्रीसचा थेंबही राहू देऊ नये, कारण तेलकट पृष्ठभाग सरकतात आणि बोल्ट हळूहळू ढिले होतात. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या मॅन्युअलमधील टॉर्कनुसार (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानुसार) आवळावेत आणि गाडी थोडी चालवून झाल्यावर टॉर्क पाना पुन्हा एकदा प्रत्येक बोल्टावर लावावा.