गिझरला शिव्या घालण्याआधी नळ बघा: या चुका टाळा

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच रडगाणं, गिझर पाणीच तापवत नाहीये, कोणी बरा मेकॅनिक माहितीये का. आणि बऱ्याचदा गिझर बिचारा धडधाकट असतो, घोळ असतो तो नळातून पाणी किती जोरात चाललंय याचा. मी स्वतः यात दोनदा पैसे घालवलेत म्हणून सांगतोय.

आधी थोडा हिशोब, कंटाळू नका. 1 लिटर पाणी 1 डिग्रीने तापवायला 1 किलोकॅलरी लागते आणि विजेच्या 1 युनिटमध्ये 860 किलोकॅलरी असतात. म्हणजे 20 लिटरची बादली 20 डिग्रीवरून 40 वर न्यायची तर 400 किलोकॅलरी, अर्ध्या युनिटपेक्षा जरा कमीच. लिटर गुणिले डिग्री, बस्स. कंपनी कुठलीही असो, यातून कोणाची सुटका नाही.

आता ही पहिली चूक जवळपास सगळेच करतात. 3 किलोवॅटचा छोटा इन्स्टंट गिझर लावायचा, नळ पूर्ण सोडायचा आणि मग पाणी कोमट येतं म्हणून बोंब मारायची. अहो, तो मिनिटाला 43 किलोकॅलरीच देऊ शकतो, त्याची ताकदच तेवढी. मिनिटाला 1 लिटर सोडलंत तर पाणी 43 डिग्रीने तापेल, 2 लिटर सोडलंत तर 21 ने, आणि 4 लिटर सोडलंत तर जेमतेम 11 ने. आतल्या 3 लिटरच्या टाकीतलं गरम पाणी सुरुवातीला भसकन येतं त्यामुळे वाटतं वा काय मस्त, आणि अर्धी बादली भरेपर्यंत सगळं थंडगार. नळ बारीक करा, एवढंच. एक 10 लिटरची बादली घ्या, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, 2 मिनिटांत भरली तर तुमचा फ्लो मिनिटाला 5 लिटर. हे न मोजता नवीन गिझर आणायला जाऊ नका.

ज्यांना वाटतं की नळ बारीक ठेवला की वीजही वाचते त्यांचाही थोडा गैरसमज आहे. बादली तेवढीच भरणार आणि पाणी तेवढंच गरम हवं असेल तर युनिट तेवढंच जाणार, फक्त वेळ जास्त लागतो. वीज वाचते ती लिटर कमी झाले तर. मोठा रेन शॉवर मिनिटाला 10 लिटर सहज ओततो, त्याखाली 8 मिनिटं गाणी म्हणत उभे राहिलात तर 80 लिटर, म्हणजे 4 बादल्या. एरवी बादलीने दीड बादलीत आंघोळ होते ना आपली?

विसणाबद्दलही घरोघरी वाद असतो. पाणी कढत करून विसण घालायचं की आधीच हवं तेवढंच तापवायचं? त्या बादलीपुरतं बोलायचं तर दोन्ही सारखंच, 60 डिग्रीचं 10 लिटर आणि 20 चं 10 लिटर मिळून 40 चं 20 लिटरच होतं. फरक पडतो तो साठवणीच्या गिझरमध्ये, कारण 60 वर ठेवलेलं पाणी दिवसभर नुसतं बसून थंड होत राहतं आणि थर्मोस्टॅट परत परत चालू होतो. 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गिझर 20 वरून 60 वर यायला साधारण 20-22 मिनिटं घेतो, मग तो आदल्या रात्रीपासून चालू ठेवायचं काय कारण? उठल्यावर लावा, चहा होईपर्यंत पाणी तयार.

तसंच त्या गिझरमधून गरम पाणी बाहेर येतं ते खालून गार पाणी आत शिरतं म्हणून. काही जुन्या बंबांत वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तोंडातून गरम पाणी यायचं, तीच गंमत. गार पाणी हळू शिरलं तर तळाशी राहतं आणि वरचं गरम पाणी शेवटपर्यंत गरमच येतं. जोरात शिरलं की आत घुसळण, आणि 15 लिटरमधलं बरंचसं पाणी कोमट होऊन जातं.

आता गॅस गिझर, जिथे माझे पैसे गेले. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या नळाने बादली भरताना गिझर छान पेटायचा, पण शॉवर लावला की टकटकटक आणि विझला. मेकॅनिकने आधी सेल बदलले, मग आतला रबरी पडदा बदलला, दोन्हीचे पैसे घेतले, गिझर आपला तिथेच. शेवटी टाकीची उंची मोजली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 10 मीटर उंची म्हणजे 1 बार प्रेशर, आमच्या टाकीचा तळ गिझरपासून 2 मीटरवर, म्हणजे 0.2 बार. पाण्याचा रेटा तो पडदा ढकलतो तेव्हाच गॅस सुटतो, आणि शॉवर नळापेक्षा उंचावर असल्यामुळे तिथे रेटा अजून कमी. छोटा प्रेशर पंप लावला आणि विषय संपला. पंप लावण्याआधी मात्र गिझरच्या इनलेटची जाळी काढून धुऊन बघा, टाकी साफ केल्यावर सगळा गाळ तिथेच जाऊन बसतो आणि फुकटात काम होऊन जातं.

एक गोष्ट अजिबात मस्करीत घेऊ नका. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये नको म्हणजे नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध पडतो आणि कळतही नाही. पाणी हळू येतं म्हणून दार-खिडकी लावून वीस-वीस मिनिटं गिझर चालू ठेवणं हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. गिझर बाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी लावा.

साबण लावताना नळ बंद करणं चांगलंच, पण गॅस गिझरवर शॉवर घेत असाल तर परत चालू केल्यावर आधी चटका, मग गारेगार, मग पुन्हा गरम असा प्रकार होतो. गिझर नव्याने पेटेपर्यंत मधलं पाणी न तापताच पुढे आलेलं असतं. त्यापेक्षा सरळ बादली भरून घ्या.

बेसिनच्या एका दांड्याच्या मिक्सरचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. दांडा मधोमध ठेवून हात धुतले की अर्धं पाणी गरम लाइनमधून ओढलं जातं. अर्ध्या इंची पाइपात मीटरला साधारण 120 ते 180 मिली पाणी मावतं, गिझर 8-10 मीटर लांब असेल तर लिटर-दीड लिटर गार पाणी आधी वाहणार, तोवर तुमचे हात धुऊन झाले, आणि तापलेलं पाणी पाइपातच थंड होत बसलं. दांडा कायम गार बाजूला ठेवायची सवय लावा.

लंडनकडे राहणाऱ्यांचं काही वेगळं नाही बरं का. तिथल्या 24 किलोवॅटच्या कॉम्बी बॉयलरमधून (घर तापवणारं आणि नळ सोडला की लगेच पाणीही तापवणारं यंत्र) पाणी 35 डिग्रीने तापवून हवं असेल तर मिनिटाला जेमतेम 10 लिटर मिळतं, त्यामुळे हिवाळ्यात एकाच वेळी दोन शॉवर लावले की दोघेही कुडकुडणार.

शेवटी एक तक्रार जी खरं तर तक्रारच नाही. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळतं आणि लोक तिथे बूच मारतात! 15 लिटर पाणी 20 वरून 60 वर गेलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं, त्याला जायला जागा हवी ना. तापताना थोडं गळतंय तर गळू द्या, खाली डबा ठेवा. गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदलून घ्या.