हळदीवर थिसिस घेताय? आधी हे वाचा

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून एम.फार्म.ला येणाऱ्या पोरापोरींना अल्झायमर-पार्किन्सनवर काम करायचं असलं की पहिलं नाव हळदीचंच निघतं. साहजिक आहे, वायगावची हळद आपल्या वर्धा जिल्ह्यातलीच. विषय जरूर घ्या, पण रंगाकडे लक्ष ठेवा.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचे धागे किती बनले हे आपण थायोफ्लेविन-टी या धाग्यांना चिकटून चमकणाऱ्या रंगद्रव्याने मोजतो. ४४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश द्यायचा, ४८५ च्या आसपास चमक वाचायची. हळदीतलं मुख्य द्रव्य कुरक्युमिन स्वतःच पिवळं. ते ४२५ च्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे थायोफ्लेविनच्या वाट्याचा प्रकाश मधेच खातं. चमक उतरते, आलेख देखणा येतो आणि धागे मात्र जसेच्या तसे असतात! माझ्या थिसिसचं एक अख्खं प्रकरण यात गेलं. कोलिनेस्टरेज हे एन्झाइम किती चालतं हे मोजणाऱ्या एल्मनच्या चाचणीतही तोच धोका: तिथे ४१२ ला पिवळा रंगच मोजायचा आणि आपला अर्क मुळात पिवळा.

म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला एन्झाइम किंवा पेप्टाइड (ज्याचे धागे बनतात ते) नसलेला ब्लँक, म्हणजे तुलनेचा कोरा नमुना, लावा. आणखी एक, हे चुकवूच नका: धागे पूर्ण बनू द्या, मग संयुग टाका आणि लगेच रीडिंग घ्या. चमक तेव्हाच पडली तर ती रंगामुळे पडली किंवा संयुगाने धाग्यावरची थायोफ्लेविनची जागा घेतली म्हणून, धागे मोडले म्हणून नव्हे. तयार धागे असे क्षणात विरघळत नाहीत. शेवटी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघाच, बाहेर पैसे भरून का होईना.

नुसत्या डॉकिंग स्कोअरवर, म्हणजे संगणकावर रेणू जुळवून काढलेल्या गुणांवर, पेपर काढू म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजू नका. कच्ची रीडिंग्ज मागणारा गाइड धरा, कितीही कडक असो.

घाबरू नका, या वाटेने औषधं आलेली आहेत. स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातल्या गॅलँटामाइनला अमेरिकेत २००१ मध्ये अल्झायमरसाठी मंजुरी मिळाली. आजार थांबत नाही, पण लक्षणं काही काळ सावरतात. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत तर पार्किन्सनचं मुख्य औषध, लेव्होडोपा, आयतंच असतं. शेंगा तोडताना हातमोजे घाला, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना जमा करा. पण बियांची पूड घरच्या आजोबांना देऊ नका. त्यांची गोळी सुरू असेल तर डोसावर डोस चढतो.