हलका गिअर म्हणजे सोपा गिअर नव्हे

लहान मुलांच्या फिजिओथेरपीत नवी होते तेव्हा तीनचाकी सायकलचा माझा हिशेब सरळ होता. पायात जोर कमी, तर गिअर शक्य तितका हलका. पहिलीच मुलगी सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडते), दोन्ही पाय ताठर. पुढे पायडलपाशी 28 दात्यांचं चेनव्हील आणि मागच्या चाकाला 22 दात्यांचं फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) लावलं. पायडल बोटानं ढकललं तरी फिरत होतं. अंगणात निघाली छान, पण थोडं पुढे जाताच तिचे गुडघे आखडले, टाचा वर उचलल्या गेल्या आणि पाय जागीच थांबले. आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटलं. चूक माझी होती.

ताठर स्नायू जितक्या झटक्यात ताणला जातो तितका तो जास्त आवळतो. हलक्या गिअरला आईच्या चालण्याबरोबर राहायचं तर पाय भरभर फिरवावे लागतात. आकडे बघा. 16 इंची चाकाचा घेर साधारण 128 सेंमी. 28 ला 22 म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल 1.6 मीटर जाते, 28 ला 18 म्हणजे 2 मीटर. ताशी सव्वाचार किलोमीटरला पहिल्यात मिनिटाला 43-44 फेऱ्या, दुसऱ्यात 35-36. मागे 18 चं लावलं, चेनचा सैलपणा पुन्हा जुळवला. पायाला जरा भार लागू लागला, लय संथ झाली आणि तिनं अंगणाची पूर्ण फेरी मारली.

स्नायू मुळातच ढिले असतील तर मात्र हलका गिअरच द्या. म्हणून आधी मूल तपासा, मग दाते मोजा.

फ्रीव्हील की फिक्स (चाक फिरलं की पायडलही फिरतंच), हा प्रश्न त्याहून नाजूक. फ्रीव्हीलमध्ये क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, सरळ वर-खाली आला की पायडलवर जोर लागत नाही, मूल तिथेच अडकतं. फिक्समध्ये चालतं चाकच पाय पुढे नेतं, त्यामुळे फेरी कशी असते ते पायांना कळतं. पण उतारावर पायडल थांबत नाही, आणि पाय पट्ट्यांनी बांधलेले असतात. हातब्रेक आणि मागून धरायचा दांडा असल्याशिवाय मी फिक्स देत नाही. डुशेन (स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला तर देतच नाही: फिरतं पायडल रोखताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि तसा भार त्या स्नायूंना अपाय करतो.

गुडघा पुरेसा दुमडत नसेल तर आपण क्रँक आखूड करतो. तेव्हा गिअरही हलका करायचा, हे नवीन मंडळी हमखास विसरतात. 140 मिलिमीटरची क्रँक 100 ची केली की त्याच रस्त्याला पायाचा जोर 1.4 पट लागतो. मूल कुरकुरतं, आपण त्याला आळशी म्हणतो. असं कृपा करून म्हणू नका.

एकाहून जास्त गिअर हवे असतील तर हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात बसवलेले घ्या. डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा) गिअर बदलायला पायडल फिरतं ठेवावं लागतं, आणि चढावर अडकलेल्या मुलाला नेमकं तेच जमत नसतं. हबचा गिअर उभ्या सायकलवरही बदलतो.

शेवटची चाचणी थेरपीच्या गुळगुळीत फरशीवर घेऊ नका. मूल जिथे रोज फिरणार तिथे जा, सोसायटीचा रॅम्प, पेव्हर ब्लॉक, गेटजवळचा खड्डा. मी पिशवीत 18, 20 आणि 22 ची फ्रीव्हीलं आणि ती काढायचा पाना घेऊनच जाते.